मानाचा नारळ आणि काळूरामचं कथील

पनवेलच्या उरण नाक्याजवळ काळूरामचं गॅरेज आहे असं कुणी सांगितलं, तर ऐकणारा गॅरेज शोधत राहील. तिथे एक पत्रा आहे, पत्र्याखाली काळूराम आहे आणि काळूरामभोवती पोट उघडलेली चार-पाच इंजिनं आहेत. ऑपरेशन अर्ध्यावर टाकून डॉक्टर जेवायला गेल्यासारखा तो देखावा असतो. पाटी नाही. "पाटी कशाला?" काळूराम विचारतो. "ज्याची गाडी बंद पडली त्याला आमचा पत्ता लोकं सांगतात. आन ज्याची चालू हाय त्याला पत्ता काय करायचा?"

काळूराम जातीचा कोळी. आजा खाडीवर, बाप खाडीवर, थोरला भाऊ रामू तर असा की डोळे मिटून होडी हाकायचा आणि नेमका बंदराच्या पायरीला लावायचा. फक्त काळूरामचंच कुठेतरी बिनसलं. त्याला होडी लागते. एखाद्याला घाटात एस.टी. लागते ना, तशी. सात वर्षांचा असताना बापाने त्याला पहिल्यांदा खाडीत नेलं. बंदर नजरेआड व्हायच्या आत पोरगं हिरवं पडलं आणि सकाळची भाकरी खाडीला वाहून मोकळं झालं. बापाने आणखी दोनदा नेऊन पाहिलं. तिसऱ्या खेपेला त्याने हात टेकले आणि साऱ्या कोळीवाड्यात जाहीर केलं, "या पोराच्या जिवावर मासं जगतील, पन यो काय माशांच्या जिवावर जगनार नाय."

मग काळूराम किनाऱ्यावरच राहिला. किनाऱ्यावर राहणाऱ्याने करायचं काय? परत आलेल्या होड्यांची इंजिनं बिघडलेली असायची, ती तो बघत बसायचा. बघता बघता हात घालायला लागला. हात घातला तो आजतागायत बाहेर काढलेला नाही. नवीन पनवेलच्या सेक्टरांमधल्या स्कूटरी त्याच्याकडे येतात, मोटारसायकली येतात, लग्नाच्या मंडपाचे जनरेटर येतात, आणि कोळीवाड्यातली झाडून सारी होडीची इंजिनं तर खांद्यावरून वाजतगाजत येतात. तीस वर्षं त्याने होड्यांना धाप लागू दिली नाही, पण स्वतः त्यांतल्या एकीतही पाय ठेवला नाही. पोहायला न येणारा माणूस दुसऱ्याला पोहायला शिकवतो तसंच हे, पण याचे विद्यार्थी खरोखरच पोहायचे.

आणि हात कसला मोकळा! हे त्याच्या आईकडून आलेलं. आई गोदूबाई पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. वाटा लावायचा, भाव ठरवायचा, आणि गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं राहिलं की वर एक मूठ कोलंबी टाकायची. भाव झाला तो झाला, वरची मूठ गोदूबाईची. "वर टाकल्याबिगर गिऱ्हाईक वलून बगत नाय," असं ती सांगायची. काळूरामने हे तत्त्व नटबोल्टांना लावलं. तीन स्क्रू असतील तिथे चौथा टाकणार. पॅकिंग एक लागत असेल तर दोन बसवणार. ग्रीस तर असं भरायचा की गिऱ्हाइकाने घरी जाऊन पुरणपोळी करावी. एकदा नवीन पनवेलचे एक बँकेतले साहेब स्कूटर घ्यायला आले आणि म्हणाले, "काका, इथे आधी दोनच नट होते ना?"

"तिसरा आपल्याकडून."

"पण लागतो का तो?"

"सायेब, लागतो तो लावायला काय, कोन पन लावंल," काळूराम म्हणाला आणि हात पुसायला लागला.

हा स्वभाव त्याला पन्नाशी उलटेपर्यंत कधी नडला नाही. नडला तो २००९ सालच्या नारळी पौर्णिमेला.

आदल्या वर्षी त्याचा भाऊ रामू गेला. रामूची होडी 'गोदामाय', आईच्या नावाची. पनवेलच्या त्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेचा मानाचा नारळ गेली बावीस वर्षं याच होडीतून जात होता. सोनेरी कागदात गुंडाळलेला, झेंडूच्या हारातला तो नारळ पुढे, आणि बाकीच्या होड्या मागे. मान मिळवायला काही लागत नाही, फक्त टिकवायला लागतं. नियम एकच होता, पण कडक होता. मानाची होडी बंदरापासून खाडीच्या मोठ्या पाण्यापर्यंत स्वतःच्या इंजिनावर गेली पाहिजे. दुसऱ्याने ओढून नेली, की मान त्या ओढणाऱ्याचा. आणि कोळीवाड्याचा अनुभव असा की एकदा दुसऱ्या दारी गेलेला मान पुन्हा आपल्या उंबऱ्याला शिवत नाही.

रामूची बायको कृष्णाबाई. तिचा मुलगा दुबईला जहाजावर, तेव्हा होडी आणि होडीचं सगळं तिच्याच अंगावर. माणसं लावून ती होडी खाडीत पाठवायची आणि आलेली मासळी स्वतः बाजारात विकायची. रामू गेल्यावर कोळीवाड्यात दबक्या आवाजात एक विषय सुरू झाला होता, की आता ते घर मान पेलेल का. कृष्णाबाईच्या कानावर तो आला होता. तिने पावसाळ्याआधी होडी वर ओढली, तिला तेल पाजलं, रंग दिला, आणि इंजिन चौघांच्या खांद्यावरून दिराच्या पत्र्याखाली पाठवलं.

तेव्हा त्या इंजिनाच्या कार्बोरेटरमधल्या फ्लोटला भोक पडलं होतं. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं पोट. त्यात एक वाटी असते, वाटीत पेट्रोल साठतं, आणि त्या पेट्रोलवर एक पोकळ पितळी डबी तरंगते. तीच फ्लोट. आपल्या गच्चीवरच्या टाकीत प्लास्टिकचा गोळा नसतो का, पाणी भरलं की वर येऊन नळ बंद करणारा? तसंच. पेट्रोल भरलं की फ्लोट वर येतो, डोक्यावरची सुई भोकात सारतो आणि पेट्रोल थांबवतो. डबीला भोक पडलं की तिच्यात पेट्रोल शिरतं, ती बुडते, सुई उघडीच राहते आणि कार्बोरेटर वाहायला लागतो. गॅरेजच्या भाषेत, 'ओव्हर होतो'.

काळूरामने भोक शोधलं, कथील वितळवलं आणि डाग दिला. भावाचं इंजिन, भावजयीचा मान, तेव्हा हात नेहमीपेक्षा मोकळाच सुटला. भोकावर कथलाचा असा सुबक उंचवटा आला की लांबून बघावं तर कर्नाळ्याचा सुळकाच. त्याने तो पॉलिश केला. दोन बोटांत धरून उन्हात फिरवून पाहिला.

"भावजी, एकदा चालवून बगायचं का?" कृष्णाबाईने विचारलं होतं.

"वयनी, माझ्या डागाला ट्रायल?" काळूराम इतका दुखावला की तिने तो विषयच सोडून दिला. इंजिन गोणपाटात गुंडाळून घरी गेलं आणि दोन महिने गप्प पडून राहिलं.

पौर्णिमेला चार दिवस उरले तेव्हा होडी पाण्यात उतरवली, इंजिन मागे बसवलं आणि गड्याने दोरी ओढली. इंजिन खोकलं. दुसऱ्यांदा ओढली, इंजिनाने काळा धूर सोडला. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा कार्बोरेटरच्या कडेने पेट्रोलची धार लागली आणि खाडीच्या पाण्यावर निळे-जांभळे रंग पसरले.

शेजारच्या होडीत गुरुदत्त बसला होता. त्याच्याकडे नवीन चार-स्ट्रोक इंजिन होतं, ज्याचा आवाज म्हणे घरातल्या फ्रिजपेक्षा कमी. मानाच्या रांगेत रामूनंतर गुरुदत्तचं घर. माणूस वाईट नव्हता, पण गप्प बसणं त्याला जमायचं नाही.

"कालू, इंद्रधनुष्य मस्त काढलंस रे! पौर्णिमेला पन काढशील ना? फोटोवाले येनार हायत."

"पौर्णिमेला तू मागून ये," काळूराम पायरीवरून ओरडला. "धूर खायला तोंड उघडं ठेव."

असं ठणकावून तो परत निघाला खरा, पण पुन्हा चौघांत मिळून खांद्यावर घेतलेलं इंजिन त्याला येताना होतं त्यापेक्षा जाताना जास्त जड लागत होतं.

पहिला दिवस सुईचा. फ्लोट जर ठणठणीत असेल, आणि तो असणारच, कारण डाग कुणी दिलाय, तर दोष सुईचा. काळूरामने सुई काढली. टोक भिंगाखाली पाहिलं, जिथे ती बसते ते भोक चिंधीने साफ केलं. मग आपली नेहमीची परीक्षा घेतली. कार्बोरेटर उलटा धरायचा, पेट्रोलच्या नळीला तोंड लावायचं आणि फुंकायचं. हवा आत गेली नाही, म्हणजे सुई घट्ट बसते. गाल फुटेपर्यंत त्याने फुंकलं. हवा कणभर गेली नाही.

"बगा!" त्याने रस्त्याने जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला सांगितलं.

मग इंजिन गॅरेजपुढच्या पाण्याच्या पिंपाला अडकवलं आणि दोरी ओढली. पेट्रोल वाहिलं.

दुसरा दिवस मुंबईचा. काळूराम सकाळीच दारूखान्याला गेला, भंगारातल्या बोटींचे सुटे भाग मिळतात तिथे, आणि दुपारी नवी कोरी सुई रुमालात बांधून परतला. ती बसवली. कार्बोरेटर उलटा धरला, फुंकलं, हवा बंद. पिंपाला लावलं, दोरी ओढली. पेट्रोल वाहिलं. आता तर आणखी ऐटीत वाहिलं, कारण सुई नवी होती.

संध्याकाळी घरी त्याची बायको सुनंदा ताट वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या आंगाला आज पेट्रोलचा वास न्हेमीपेक्षा जास्त येतोय. बिडी लांबच ओढा."

"वास येनारच. काम चाललंय."

"काम चाललंय, पन इंजिन चालत नाय असं गुरुदत्तची बायको सांगत होती."

"तिला सांग, इंजिन पौर्णिमेला चालायचं हाय, सोमवारी नाय."

उत्तर चोख होतं. पण त्या रात्री त्याने दुसरी भाकरी घेतली नाही, आणि ताट उचलताना सुनंदाने ते पाहिलं.

तिसरा दिवस म्हणजे पौर्णिमेची आदली सकाळ. काळूरामने आता इतरांवर संशय घ्यायला सुरुवात केली. आधी टाकीच्या झाकणावर घेतला, मग नळीवर, मग पेट्रोलवर, मग पेट्रोल पंपावर, आणि दहाच्या सुमारास हवेतल्या दमटपणावर. सगळे निर्दोष सुटले. शेवटी, केवळ न्याय सगळ्यांना सारखा हवा म्हणून, त्याने फ्लोटलाही बोलावलं. स्टोव्हवर पातेल्यात पाणी तापवलं आणि फ्लोट त्यात दाबून धरला. भोक असलं तर आतली हवा तापून बुडबुडे येतात. काळूराम पातेल्यावर वाकून बसला. एक बुडबुडा नाही.

"हाय का?" तो पातेल्यालाच म्हणाला. "माझा डाग हाय."

त्याच वेळी कृष्णाबाई आली. डोक्यावरची पाटी बाजारात रिकामी करून ती तशीच आली होती. हातात डबा होता, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या सोड्यांचं कालवण. डबा तिने बाकावर ठेवला आणि पत्र्याच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"गुरुदत्त येऊन गेला सकाली," ती म्हणाली. "दोरखंड घेऊन आलेला. म्हनला, वयनी, लाजू नका, उद्या आमीच ओढून नेऊ."

काळूरामच्या हातातला पाना थांबला. "तुमी काय म्हनलात?"

"मी म्हनलं, दोरखंड चांगला हाय, कपडे वालत घालायला ठेवून जा." ती हसली नाही. "भावजी, खरं सांगा. होनार हाय का? नसंल तर मी आजच सांगते सगल्यांना. उद्या सगल्यांसमोर दोरी ओढून थांबायचं, ते मला जमनार नाय."

काळूरामने पाना खाली ठेवला. मग त्याने तिला सगळं करून दाखवलं. नवी सुई दाखवली. पातेल्यात फ्लोट बुडवून दाखवला, बुडबुडा येत नाही ते दाखवलं. मग कार्बोरेटर जोडला, उलटा धरला, नळीला तोंड लावलं आणि गाल फुगवून फुंकलं.

"बगा! हवा जाते का? नाय जात. मंग पेट्रोल कसं जातं? तुमीच सांगा!"

कृष्णाबाईने त्याच्या हातातल्या उलट्या कार्बोरेटरकडे पाहिलं.

"भावजी," ती म्हणाली, "होरी उलटी चालवायची हाय का आपल्याला?"

काळूराम नळी तोंडात धरून तसाच राहिला.

"नाय, मला त्यातलं कलत नाय," ती पुढे म्हणाली. "पन उलटं धरलं की यो डबा सुईवर बसनारच ना? म्हशीला बसवलं तरी दार बंद होईल. सुलटं धरलं तर त्याला वर उठायचं हाय. उठतो का तो?"

"उठायला काय झालं? भोक नाय, काय नाय—"

"द्या बगू इकडं."

तिने फ्लोट हातात घेतला. चाळीस वर्षं मासळी विकणाऱ्या बाईचा तळवा तो. कृष्णाबाई वाटा लावते तेव्हा तराजू लागत नाही; दोन वाट्यांतला फरक गिऱ्हाइकाने घरी मोजला तर एखाद्या शेपटीचा निघेल. तिने फ्लोट तळव्यावर ठेवला, जरा वर झुलवला.

"याच्यासारखा दुसरा हाय का?"

काळूरामकडे एक जुना डबा होता. जे इंजिन मेलं त्याचा एखादा तरी अवयव तो त्या डब्यात ठेवायचा. त्यात तळाशी, रामूच्या पहिल्या इंजिनातला तसाच एक फ्लोट सापडला. भोक पडलेला, पण आतून कोरडा. कृष्णाबाईने एका तळव्यावर तो आणि दुसऱ्या तळव्यावर हा घेतला. डोळे मिटले.

"तुमचा जड हाय."

"कसा जड असंल? दोनी एकाच मापाचे!"

"तुमचा जड हाय, भावजी. चांगली जवल्याची चिमूट जड हाय."

"वयनी, चिमटीभर जवल्यानं इंजिन—"

"तराजूवर बगायचं का?"

पण गॅरेजात तराजू नव्हता, आणि बाजारातले तराजू पापलेट मोजणारे. एवढ्याशा फरकाला सोनाराचाच काटा हवा. काळूराम तरातरा बाजारात निघाला, ग्रीसने भरलेल्या हातात दोन पितळी डब्या घेऊन, मागून कृष्णाबाई. उदयसिंह सोनाराच्या दुकानात त्या वेळी लग्नाची खरेदी चालली होती. दोन बायका गाद्यांवर बसून मंगळसूत्र बघत होत्या.

"काळूशेठ!" उदयसिंह उठून म्हणाला. "आज इकडे कसे? सोनं काढलं की काय इंजिनमधून?"

"वजन करायचं हाय. दोन नग."

उदयसिंहने डब्या पाहिल्या, वास घेतला आणि एका बोटाने काट्यावर कागद पसरला. जुना फ्लोट ठेवला. "अकरा ग्रॅम." तो उचलून काळूरामचा ठेवला. काटा जरा थरथरला. "पंधरा ग्रॅम, दोनशे मिली."

गादीवरच्या बायका मंगळसूत्र सोडून बघायला लागल्या.

"चार ग्रॅम जास्त," उदयसिंह म्हणाला. "हे वर काय लावलंय? सुंदर काम आहे हो. पण फारच लावलंय."

काळूरामने कथलाच्या त्या चकचकीत उंचवट्याकडे पाहिलं. तीन दिवस त्याने सुईला, नळीला, पंपाला, हवेला जाब विचारला होता, आणि हा आपला सुळका प्रत्येक वेळी त्याच्याकडे बघून चमकत होता. भोक बुजलं होतं यात शंका नव्हती. डाग पक्का होता. पण त्या डागाखाली ती बिचारी डबी पेट्रोलवर तरंगायचं सोडून त्यात बसून राहिली होती, भरल्या घरात पोटभर जेवलेल्या पाहुण्यासारखी. वाटीतलं पेट्रोल नको तेवढं वर चढल्याशिवाय ती उठतच नव्हती.

"माझाच डाग," तो म्हणाला. हे तो सोनाराच्या दुकानात, अनोळखी बायकांसमोर, मोठ्याने म्हणाला. "मीच वर टाकलं."

"तुमी टाकनारच," कृष्णाबाई म्हणाली. "सासूबाईंचं पोर तुमी. पन भावजी, सासूबाई कोलंबी गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकायच्या, डोक्यावर नाय."

गॅरेजात परतल्यावर काळूरामने डबा उघडून आधी सोड्यांचं कालवण खाल्लं, दोन्ही भाकऱ्यांसकट. मग कामाला बसला. हे काम त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं: टाकलेलं परत काढायचं. कथील तापवून ओल्या चिंधीने पुसायचं, पण इतकंच की वरचं निघावं आणि भोकातलं राहावं. पहिल्या फटक्याला सुळका गेला. दुसऱ्याला टेकडी गेली. उरलं ते नखाएवढं, सपाट, कुणाच्या नजरेत न भरणारं. फ्लोट पुन्हा गरम पाण्यात धरला, बुडबुडा नाही. उदयसिंहकडे दुसरी फेरी झाली तेव्हा काटा साडेअकरावर थांबला.

आणि मग त्याने फुंकर मारली नाही. कार्बोरेटर सुलटा धरला, वाटी लावली, नळीतून पेट्रोल सोडलं आणि वाट बघत बसला. वाटी भरली. सुई बसली. बाहेर एक थेंब आला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पिंपाला लावून दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्याला असं बोललं की समोरच्या चहावाल्याने कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

कथलाचा तो पुसलेला गोळा जमिनीवर पडला होता, थंड होऊन. काळूराम तो भंगारात टाकणार होता. कृष्णाबाईने उचलला. "द्या. जाल्याला खालून बांधीन. तिथं वजन लागतं."

पौर्णिमेला दुपारी साडेबाराला भरती. बंदरावर सारा कोळीवाडा लोटला होता. बेंजो वाजत होता, बायका नऊवारीत, पोरं नव्या कपड्यांत. सोनेरी नारळ घेऊन कृष्णाबाई 'गोदामाय'मध्ये नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाशी, उभी राहिली. गुरुदत्त आपल्या होडीत, मांडीवर दोरखंड.

गड्याने दोरी हातात घेतली आणि थबकला. "कालूकाका, तुमी इंजिनावर बसता? मला त्याचं काय खरं वाटत नाय अजून."

काळूराम पायरीवर उभा होता. पायरी ही त्याची हद्द. लहानपणापासून त्याने ती ओलांडली नव्हती.

"का रे कालू," गुरुदत्त म्हणाला, "डागावर भरवसा नाय का?"

काळूरामने खिशातून लिंबू काढलं. सुनंदाने सकाळीच त्याच्या खिशात घातलं होतं. ते नाकाशी धरून त्याने पायरी ओलांडली आणि होडीत उतरला. होडी जराशी कलली. सारा कोळीवाडा श्वास धरून होता, काही इंजिनासाठी, आणि म्हातारे तेवढे काळूरामसाठी.

त्याने दोरी ओढली. इंजिन एकदा खोकलं. काळूरामने दुसऱ्यांदा ओढली आणि ते पेटलं. पाण्यावर ना रंग, ना धार. पांढरं फेसाळ पाणी मागे सोडत 'गोदामाय' बंदरातून सुटली. गुरुदत्तने दोरखंड मांडीवरून उचलून पायाशी टाकला, स्वतःचं फ्रिजसारखं इंजिन चालू केलं आणि मागून येताना ओरडला, "कालू, तोंड उघडं ठेवलंय रे!"

मोठ्या पाण्यापाशी इंजिन मंद केलं. कृष्णाबाईने नारळ दोन्ही हातांनी डोक्याला लावला, क्षणभर थांबली, आणि पाण्यात सोडला. तो बुडाला नाही. लाटेवर एकदा वर, एकदा खाली, झेंडूच्या हारासकट तरंगत राहिला. बाकीच्या होड्यांतून आरोळी उठली.

इतका वेळ काळूराम इंजिनावर ताठ बसला होता. लिंबाची साल नखाने सोलून संपली होती. चेहरा सात वर्षांच्या पोराचा झाला होता, हिरवाच. कृष्णाबाई वळली आणि तिने पाहिलं.

"भावजी, बरं हाय ना?"

"मला काय धाड भरलीय?" काळूराम म्हणाला. "एकदम ठीक हाय. तुमच्या कार्बोरेटरचा तर सवालच—"

पुढचं वाक्य अर्धवट राहिलं, कारण तो होडीच्या कडेवरून वाकला होता.

"असू दे, असू दे," कृष्णाबाई त्याची पाठ चोळत म्हणाली. "कालच्या डब्यात सोड्यांचं कालवण मीच वर टाकलं होतं."